एका सदनिकेस एक बिल्ला

अनिरुद्धने बिल्ला देताना तनुजाची सही घेतली. स्वतःच्या बायकोची, स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर, ताटात पोळी वाढून झाल्यावर. लोणच्याची बरणी बाजूला सारून त्याने सोसायटीचं लांबोडकं रजिस्टर उघडलं, बी सातशे दोनच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. तिने सही केली. पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर काळ्या रंगात सदनिकेचा क्रमांक आणि तार ओवायला एक भोक. पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं गंजत पडलेल्या बेवारस सायकलींचा एकदाचा निकाल लावायचा म्हणून सोसायटीने ही मोहीम काढली होती. सोसायटी म्हणजे सेक्रेटरी आणि सेक्रेटरी म्हणजे अनिरुद्ध केतकर. लिफ्टशेजारच्या फळ्यावरची सूचना त्याच्याच हातची होती. ‘सायकल ही चालवण्याची वस्तू आहे, असा एक समज आहे. ज्या सभासदांना तो मान्य नाही त्यांच्या सायकली रविवारी दुपारी बारा वाजता भंगारवाला घेऊन जाईल. एका सदनिकेस एकच बिल्ला मिळेल. दोन का नाहीत, हे विचारण्यासाठी सेक्रेटरींची झोपमोड करू नये.’ विश्रांतवाडीतल्या त्या सात मजली इमारतीत राहणारे निम्मे लोक वाशीम, बुलढाणा, हिंगोलीकडून आलेले. त्यांना ही भाषा वाचून आपण पुण्यात राहतो याची खात्री पटायची आणि ते फळ्याचा फोटो काढून गावाकडे पाठवायचे. तनुजाही वाशीमचीच. पण तिने सत्तावीस वर्षांत एकाही फळ्याचा फोटो काढला नव्हता. फळ्याशी लग्न केल्यावर फोटो कशाला काढायचा, असं तिला वाटे.

“आपल्या दोन आहेत,” ती म्हणाली.

“हो ना,” अनिरुद्ध म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडून नुसताच धरून बसला. मग म्हणाला, की ती गिअरची वर आणू, गॅलरीत राहील पडून. असू दे. कधी सृष्टी येईल नागपूरहून, कधी कुणी पाहुणा येईल. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सृष्टीला सायकलीचा तिटकारा होता, आणि त्याला कारण तिचा बापच होता. पाहुणे या घरात येऊन सायकल मागतील इतके वेडे नव्हते. आणि गॅलरीत काही ठेवायचं म्हटलं की हाच माणूस गॅलरी म्हणजे अडगळीची खोली नव्हे यावर दहा मिनिटं बोलायचा. तिला वाटलं, हे सायकलीचं नाहीच. आपण सोडलेली वस्तू आपल्या डोळ्यांसमोर ठेवायची आहे याला. आज ना उद्या ही परत गिअरवर येईल, तेव्हा मी म्हणालोच होतो असं म्हणता यावं म्हणून पुरावा सांभाळायचा आहे. ती म्हणाली, पडून कशाला राहायला हवी, सी विंगमधल्या त्या प्रियदर्शनीला हवी आहे, रविवारी सकाळी दाखवते तिला. अनिरुद्ध “बरं” म्हणाला. त्याने तुकडा भाजीत बुडवला, खाल्ला आणि बिनमिठाची भाजी चांगली झाली आहे असंही म्हणाला.

हे ‘बरं’ तिला गेले आठ महिने जागोजागी अडखळवत होतं. पूर्वी या घरात ‘बरं’ हा शब्द फक्त ती वापरत असे. अनिरुद्ध वापरायचा तो ‘नाही, त्याचं असं आहे’. सकाळी चहाला आधण ठेवलं की त्याचं असं असायचं, की पाणी आधी मोजून घ्यायचं असतं. ती फोनवर आईशी बोलताना “स्वयंपाक करून राहिली” म्हणाली की तो पेपरामागून, न चिडता, नुसता दुरुस्त करून ठेवायचा, “करते आहे.” दुरुस्त करायला काही मिळालं की त्याचा चेहरा कसा निवांत व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला याचं रडू येई, पाचव्या वर्षी राग येई, आणि दहाव्या वर्षापासून तिने त्याला मनातल्या मनात तुच्छ लेखायला सुरुवात केली. ते तिला इतकं मानवलं की तिची तब्येत सुधारली. ती त्याच्या तोंडावर फारसं बोलत नसे. एखादाच टोला, कोरडा, त्याच्याच शहराकडून शिकलेला. तो त्याला उत्तर देई, ती प्रत्युत्तर देई, आणि दोघं आपापल्या कामाला लागत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, की या दोघांचं काही खरं नाही. पण संसार चालला होता, आणि खरं म्हणजे चांगला चालला होता.

सायकलही त्याचीच कल्पना. तनुजाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने लाल रंगाची गिअरची माउंटन बाइक आणली. पुढे तीन, मागे सात, असे एकवीस गिअर, पुढे शॉकअप, जाड नक्षीचे टायर. आयुष्यात कधी डोंगरावर सायकल न घातलेल्या बाईला डोंगरावरची सायकल. तो तेव्हा ‘चक्रधर सायकल परिवार’ नावाच्या टोळक्याचा कप्तान होता. परिवार हा शब्दच तिला पहिल्या दिवशी खटकला होता. रविवारी पहाटे साडेपाचला सगळे स्वारगेटला जमायचे आणि तिथून कात्रजचा जुना घाट चढून बोगद्यापर्यंत जायचे. पन्नाशीचे, पोट सुटलेले, अंगाला चिकटणारे कपडे घातलेले सभ्य गृहस्थ. प्रत्येकाच्या हँडलवर फोन, फोनमध्ये आपण किती वेगाने कुठे होतो याचा हिशेब, आणि वर पोचल्यावर बोगद्यासमोर सायकल डोक्यावर उचलून फोटो. सायकल डोक्यावर घ्यायची होती तर बसून कशाला आलात, असं ती एकदा म्हणाली. तेव्हा चेतन नावाच्या एका उत्साही माणसाने तिला समजावलं होतं, की वहिनी, ते स्पिरिट असतं. उतरताना सगळे केळी खायचे आणि खाली येऊन लोणी लावलेला डोसा. परिवारातल्या बायका म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या बायका, आणि त्यांनी मागे राहायचं आणि त्यांच्या मागे त्यांच्या त्यांच्या नवऱ्यांनी राहायचं, अशी व्यवस्था होती. सुरक्षिततेसाठी.

तो सगळा घाट तिला आठवतो तो पाठीमागून येणाऱ्या आवाजातून. “दोनवर टाक. पुढचा दोन, मागचा तीन. आता चेन ओढू नको. आता टाक. अगं आता नाही.” रस्ता वळत जाई, दरीत पुण्याचे दिवे एकेक करून विझत, आणि ती एकविसांपैकी कोणत्या आकड्यात आहे हे तिच्याआधी त्याला कळे, नुसत्या चेनच्या आवाजावरून. एकदा, तिसऱ्या की चौथ्या वेळी, तिला दम लागला आणि तिने दोन्ही अंगठे दाबून सगळ्यात हलका गिअर घेतला, पुढे एक, मागे एक. पाय भराभर फिरू लागले, सायकल मुंगीसारखी चढू लागली, आणि छातीतली कळ थांबली. तिला पहिल्यांदाच घाट आवडला. मागून अनिरुद्ध म्हणाला, “एक-एक नाही घ्यायचा. तो पेशंटचा गिअर.” परिवार हसला. चेतन तर इतका हसला की त्याला उतरावं लागलं. तनुजाने मुकाट्याने गिअर वाढवला आणि बोगद्यापर्यंत मांड्या भाजत गेली. वर पोचल्यावर अनिरुद्धने सगळ्यांसमक्ष तिचं कौतुक केलं. त्या कौतुकाची तिला अजून किळस येते.

म्हणून तिने एके दिवशी बिबवेवाडीतल्या भैरूच्या दुकानात जाऊन एकच गिअर असलेली सायकल करून मागितली. जुनी काळी फ्रेम, मागे एक चक्री, पुढे एक चक्री, मध्ये चेन, बाकी काही नको. भैरूने हात पुसत विचारलं होतं, की चढाला काय करनार बाई? ती म्हणाली, नाही जमलं तर उतरेन. तो म्हणाला, “हां, मंग बराय. गेर नसला की भांडान नसतंय.” भैरूला काय माहीत होतं कुणास ठाऊक, पण तनुजाला त्या दिवशी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. वाशीमला ती दहावीपर्यंत अशाच सायकलवरून शाळेत गेली होती. तेव्हा कुणी तिला कितवा गिअर असं विचारलं नव्हतं, कारण विचारायला जागाच नव्हती. नव्या सायकलवर पहिल्या रविवारी ती एकटीच कात्रज चढायला गेली. दुसऱ्या वळणावर उतरली, तिसऱ्यावर उतरली, चौथ्यावर जवळजवळ रडली. मग महिन्याभराने उतरायची थांबली. गेल्या चौदा महिन्यांत त्या घाटात तिने पाय जमिनीला लावला नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, फोनमध्ये नोंदवलं नव्हतं, सायकल डोक्यावर घेतली नव्हती. आणि यामुळे ती सगळ्या जगाला तुच्छ लेखायला मोकळी झाली. सिग्नलला शेजारी गिअरची सायकल येऊन थांबली की ती चक्रीकडे बघायची आणि मनात म्हणायची, एवढे पर्याय आणि तरी लाल दिव्यालाच थांबलास ना. माणसाला एकच गिअर असावा, असं तिचं तत्त्वज्ञानच झालं. ज्यांना दोन होते ते तिला बुळे वाटत आणि एकवीस असलेले तर चारित्र्यहीन. परिवाराने तिला नखरेल ठरवलं. अनिरुद्ध म्हणाला, की गुडघे जातील, लिहून ठेव. तिने खरंच लिहून ठेवलं, फ्रिजवर, तारीख घालून. त्या कागदाखाली त्याने शुद्धलेखन दुरुस्त केलं. ते दिवस काय झकास होते.

आणि मग, ऐन मार्चमध्ये, आळंदी रोडच्या फळवाल्याकडे कलिंगडावर टिचक्या मारून आवाज कसा यायला हवा हे त्या फळवाल्याला समजावून सांगत असताना अनिरुद्ध खाली बसला. घाटात नाही, चढावर नाही. कलिंगडापाशी. छातीत दोन जाळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याने आपली महागडी सायकल चेतनला फोन करून देऊन टाकली. चेतन ती न्यायला आला तेव्हा अनिरुद्ध आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग करून पडला होता. डॉक्टरांनी खरं तर तीन महिन्यांनी सपाटीवर, दम न लागता, हलकी सायकल चालवायला हरकत नाही असं सांगितलं होतं. तनुजाने एकदा आठवणही करून दिली होती. तो म्हणाला, ते सायकल चालवणं नव्हे. आणि त्यानंतर तो हळूहळू गोड होत गेला. कंपनीने वेळेआधी निवृत्ती देऊ केली, ती त्याने घेतली. मीठ नको म्हटलं, बरं. चालून या म्हटलं, बरं. तिने मुद्दाम आईला फोनवर “स्वयंपाक करून राहिली” असं दोनदा म्हणून पाहिलं. पेपर हलला नाही. तिला कळेना, की या माणसाचं आता काय करायचं. छातीत जाळ्या घातलेल्या माणसाला तुच्छ कसं लेखणार? ते लोकांत शोभत नाही आणि मनातही शोभत नाही. त्याच्या जागी काहीतरी मऊ, गिळगिळीत तिच्या मनात येऊन बसलं. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागली. पपईच्या फोडी करून देऊ लागली. एकदा लिफ्टमध्ये तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं, आणि त्याने ते लावू दिलं. त्या क्षणी तिला दोघांचीही इतकी घाण वाटली की सातव्या मजल्यापर्यंत ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. फक्त सोसायटीच्या फळ्यावर तो अजून पूर्वीचा होता. बाकीचा अनिरुद्ध कुणीतरी बदलून नेला होता, आणि त्याच्या मोबदल्यात हा आज्ञाधारक म्हातारा ठेवून गेला होता. बावन्नाव्या वर्षी.

रविवारी नऊ वाजता ती फडकं आणि पाण्याचा डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. काळ्या सायकलला तिने बुधवारीच बिल्ला बांधून टाकला होता. लाल सायकल खांबामागे उभी होती. तिला ती बघूनच वीट आला. एवढा तामझाम, एवढ्या वायरी, जिकडेतिकडे दात असलेल्या चकत्या. लग्नातल्या बँडवाल्याचा डगला असतो तशी. ही जाईल तेव्हा ‘दोनवर टाक’ही जाईल, असं तिने स्वतःला ऐकवलं. आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की ते तर मार्चमध्येच गेलं. मग आपण आज नक्की काय काढून टाकतो आहोत, हे तिला सांगता येईना. तिने फडकं पिळलं आणि सीट पुसायला हात घातला. सीट तिच्या हाताला वर लागली. तिने बसून पाहिलं. पाय जमिनीला टेकेनात, टोकंही टेकेनात. चार बोटं तरी वर केलेली होती. मेला वॉचमन चालवतो वाटतं, असं म्हणत तिने टायर दाबला. टायर दगडासारखा टणक. चौदा महिन्यांत तिने या सायकलीत हवा भरली नव्हती. वर धूळ होती, ती फक्त मडगार्डवर. हँडलच्या मुठी स्वच्छ होत्या. पायडलही. आणि ब्रेकच्या वायरला कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा लावून ठेवलेला होता. पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याशी चिमटा लावणारा माणूस सगळ्या परिवारात एकच होता. पट्टे मिळतात बाजारात, असं सगळ्यांनी सांगितलं तरी तो म्हणायचा, की चिमट्याला काय झालं आहे. तनुजाने खाली वाकून चेन पाहिली. पुढे एक. मागे एक.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. तेवढ्यात अध्यक्ष रंगराव काठी वाजवत भंगाराची पाहणी करायला आले. त्यांच्याच ज्वारीच्या वावरात ही इमारत उभी होती, त्यामुळे ते पार्किंगमधून अजून बांधावरून चालल्यासारखे चालत. त्यांनी लाल सायकल पाहिली, बिल्ला नाही हे पाहिलं, आणि विचारलं, की ही बी भंगारात का? तिने सांगितलं, की एक मुलगी बघायला येते आहे. रंगराव थोडा वेळ काठीशी खेळले.

“मंग केतकरसायब काय चालवणार?” ते म्हणाले. “तुमी हापिसात गेल्यावर रोज अकराच्या सुमाराला येत्यात. पार्किंगात वीस-वीस फेऱ्या मारत्यात, खांबाला वळसा घालून. म्या म्हनलं, सायब, गेटाच्या भाईर जावा, रस्ता चांगला हाय. तर म्हनले, बायकोची हाय, हवा टिकावी म्हनून फिरवतोय नुसती.” मग आवाज खाली करून म्हणाले, “वैनी, मी सांगितलं म्हनू नका. त्यांनी मला शपथ घातली हाय.”

रंगराव गेले. आणि तनुजाला पहिल्यांदा जे वाटलं ते अगदी हलकट होतं. तिला आनंद झाला. सापडलास, असं तिच्या मनात एवढ्या जोरात आलं की ओठ हलले. घाटाचा कप्तान, पेशंटच्या गिअरवर, खांबाभोवती. चिमटा लावून. हे चेतनला कळायला हवं. हे सगळ्या परिवाराला बोगद्यासमोर उभं करून सांगायला हवं. आता वर जायचं आणि विचारायचं, काय हो सेक्रेटरी, कितव्यावर टाकू? पाच वर्षांचं सगळं एका वाक्यात परत. ती वाक्य जुळवत राहिली. जुळवता जुळवता तिला तो दिसला. अकरा वाजता, घर रिकामं झाल्यावर, लिफ्टमध्ये उभा, खिशात निळा चिमटा. सीट वर करताना पान्हा कुणाकडून मागून आणला असेल? परत खाली करायला रोज विसरत असेल का, की आताशा बायको या सायकलीकडे ढुंकूनही बघत नाही हे त्याने हेरलं होतं? सूचना लिहिली तेव्हा ‘एकच बिल्ला’ हे वाक्य त्याला सुचलं असणार आणि आवडलं असणार, आणि लिहून झाल्यावर, फळ्याचं कुलूप लावल्यावर, त्याच्या ध्यानात आलं असणार. खोडता आलं असतं. एक चिठ्ठी डकवता आली असती, की अपवाद म्हणून दोन. पण अनिरुद्ध केतकर स्वतःसाठी अपवाद करायचा नाही. त्यापेक्षा सायकल भंगारात जाऊ देईल. आणि बायकोकडे मागणं? “तनुजा, मला ती सायकल हवी आहे, मला तेवढीच जमते.” हे वाक्य त्याच्या तोंडी कसं दिसेल ते तिने डोळे मिटून पाहायचा प्रयत्न केला. दिसलं. तो ते म्हणेल. आताचा अनिरुद्ध म्हणेलही, तिने नीट विचारलं तर, बटण लावून दिल्यासारखं विचारलं तर मान खाली घालून म्हणेल. आणि म्हणाला, की संपलं. मग जन्मभर पपई. तिला भीती वाटली. आठ महिने ती ज्याला काळजी समजत होती ती ही भीती होती, हे तिला त्या ओल्या फरशीवर बसल्या बसल्या कळलं.

प्रियदर्शनी दहाला आली. बुलढाण्याची, खराडीच्या कुठल्याशा कंपनीत लागलेली, बोलायला चुरचुरीत. सायकल बघून ती खूशच झाली. “मॅडम, हिला गिअर किती मस्त आहेत! डोंगर पण जमंन ना?” तनुजा म्हणाली, की जमेल, पण मी देत नाही. मला माफ कर, तुझी चक्कर फुकट गेली. मुलीचा चेहरा पडला. तिने विचारलं, की दुसरं गिऱ्हाईक आलं का? तनुजा म्हणाली, हो, जुनंच आहे, नडलेलं आहे. मग ती काळी सायकल ढकलत लिफ्टपाशी गेली, तिथे तिचा बिल्ला सोडवला, तार बोटाला बोचली, आणि बिल्ला मुठीत घेऊन ती सात मजले सायकलीसकट उभ्याने वर आली. लिफ्टमध्ये तिने वाक्याची तयारी केली. खोटं होतं, आणि तिच्याकडे स्वतःचं म्हणून जे काही एकुलतं एक होतं ते त्यात घालावं लागणार होतं. दुसरं काही त्याला पटलं नसतं. लहानसहान खोटं तो आवाजावरून ओळखायचा.

अनिरुद्ध टेबलापाशी रजिस्टर उघडून बसला होता. पेनचं टोपण काढलेलं नव्हतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्यामागे दारात अडकलेल्या काळ्या सायकलीकडे.

“गेली का ती?” त्याने विचारलं.

“नाही दिली,” तनुजा म्हणाली. “मला लागणार आहे. ही गॅलरीत ठेवते. बिल्ला त्या लाल सायकलला बांध.”

त्याला पुढचं हवं होतं.

“कात्रज जमत नाही मला हिच्यावर,” ती म्हणाली. “कधीच जमला नाही. चौथ्या वळणाला उतरून ढकलत नेते. गुडघाही दुखतो.”

तनुजा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ओळखलं याने. त्याच्या भुवया जवळ आल्या. त्याने टोपण काढलं, परत लावलं. मग अतिशय हळूहळू, कपाळाकडून खाली, तो निवांतपणा त्याच्या चेहऱ्यावर उतरू लागला.

“नाही, त्याचं असं आहे,” अनिरुद्ध म्हणाला.

त्याने रजिस्टर मिटलं आणि खुर्ची वळवून घेतली. त्याचं असं होतं, की सिंगलस्पीड हे मुळात पंचविशीतल्या माणसांचं काम. त्याने तेव्हाच सांगितलं होतं, फ्रिजवर तारखेसहित आहे, तिने मुळात ते लिहिलं होतं ‘गूडघे’ असं, ते जाऊ दे. शिवाय ती पायडल तळव्याच्या मधोमध घेते, ते चूक आहे. चढावर श्वास नाकाने घ्यायचा असतो. भैरूने चक्री लहान बसवली असणार, हे लोक असंच करतात, विचारत नाहीत. आणि गुडघ्याचं म्हणशील तर आता काही दिवस घाटबीट बंद, सपाटीवर चालवायची, अगदी हलक्या गिअरवर, लाज वाटून घ्यायची नाही, त्यात लाजण्यासारखं काय आहे. हवं तर तो येईल खाली रोज, तिच्या ऑफिसच्या आधी, तासभर, बघायला. बघून काय होणार, कधी कधी स्वतः चालवून दाखवावं लागेल. त्याचा आवाज चढत गेला. मध्येच तो उठला, तिच्या हातातून त्याने बिल्ला काढून घेतला, तो उलटा करून पाहिला आणि तार किती गचाळ वळवली आहे हे तिला दाखवलं.

काय पण माणूस आहे, असं तनुजाच्या मनात आलं. पूर्ण आलं, मध्ये कुठेही न अडता. बाईने आपल्या आयुष्यातला एकमेव घाट याच्या ताटात वाढला आणि हा तार बघतो आहे. दीडदमडीचा मास्तर. पोकळ, शिष्ट, कलिंगडाला अक्कल शिकवणारा. आठ महिन्यांत एकही गोष्ट हा शिकलेला नाही आणि शिकणारही नाही. तिने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. तिला तो इतका क्षुद्र वाटला, इतका ओळखीचा वाटला, की हे आपल्याला किती हवं होतं या जाणिवेने ती समोरच्या खुर्चीवर बसली.

“ऐकते आहेस ना?” अनिरुद्धने विचारलं.

“ऐकून राहिली,” ती म्हणाली.

“ऐकते आहे,” त्याने दुरुस्त केलं, आणि पुढे बोलू लागला.